ऑफर हाती आहे. आता पगार वाढवून मागावा का?

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

मी २८ वर्षांची असून नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात चार वर्षे गुणवत्ता विभागात इंजिनिअर आहे. सध्याचा सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ६ लाख ६० हजार आहे आणि महिन्याला ४७ हजार हातात येतात. चाकणच्या एका कंपनीने ९ लाख २० हजारांची ऑफर दिली असून शुक्रवारपर्यंत सही करून पाठवायची आहे. एचआरच्या मुलाखतीत अपेक्षा विचारली तेव्हा मी नऊ लाख सांगितले होते. आता कळते, की तशाच पदावर माझ्या एका वर्गमित्राला ११ लाख मिळतात. शिवाय ऑफर लेटरमध्ये चाकणसोबत रांजणगावच्या प्लांटचीही जबाबदारी लिहिली आहे, ज्याबद्दल मुलाखतीत कोणी बोलले नव्हते. वाढवून मागितले तर ऑफर काढून घेतील का? भाऊ म्हणतो, दुसरीकडची ११ लाखांची ऑफर हातात आहे असे ठोकून दे. बाबा म्हणतात, हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नकोस.

एक वाचक, नाशिक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र सोमवारी आले आणि मुदत शुक्रवारची होती, म्हणून थोडक्यात उत्तर त्याच रात्री कळवले होते. तेच आता, तुमच्या परवानगीने आणि तुमची ओळख पटेल असे तपशील बदलून, सविस्तर लिहीत आहे, कारण याच पेचाची पत्रे या सदराकडे वरचेवर येतात. वीस वर्षे मी कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात, म्हणजे तुम्ही ज्या टेबलासमोर बसला होता त्याच्या पलीकडच्या बाजूला, बसत होते, तेव्हा तिकडून काय दिसते तेही सांगते.

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे, की एकदाच, सांगण्यासारखे कारण देऊन, विनंतीच्या रूपात आणि सध्याच्या नोकरीचा राजीनामा देण्यापूर्वी विचारलेत, तर ऑफर परत जाण्याची शक्यता कमी आहे. ती शून्य नाही, आणि ती शून्य आहे असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण कंपनीच्या बाजूने पाहा. तुमच्यापर्यंत येण्यापूर्वी त्यांनी कित्येक अर्ज चाळले आहेत, तीन-चार फेऱ्या घेतल्या आहेत, विभागप्रमुखाला तुमचे नाव पटले आहे आणि वरून खर्चाची मंजुरी आली आहे. एका सभ्य विनंतीवरून हे सगळे मोडीत काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणे कोणत्याही एचआरला परवडत नाही. बहुतेक वेळा फार तर ‘शक्य नाही, हीच अंतिम ऑफर आहे’ असे उत्तर येते आणि मूळ ऑफर जागेवर राहते.

मी ज्या ऑफर परत घेतल्या जाताना पाहिल्या, त्या हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यातील एक अजून आठवते. उमेदवाराने फोनवर आकडा मान्य केला, मेलने स्वीकृती पाठवली, आठवड्याने वाढवून मागितले, ते थोडे वाढवून दिले, आणि रुजू होण्याच्या चार दिवस आधी त्याने पुन्हा दुसऱ्या कंपनीचा आकडा पुढे केला. प्लांटप्रमुखांनी त्या क्षणी ऑफर रद्द करायला सांगितले. त्यांचे म्हणणे पैशांबद्दल नव्हतेच, शब्द दुसऱ्यांदा फिरला याबद्दल होते. त्या गृहस्थांनी तोपर्यंत जुन्या नोकरीचा राजीनामा दिलेला होता, आणि पुढे ती दुसरी कंपनीही मागे हटल्याचे कानावर आले.

यातून तुमच्या बाबतीतला खरा नाजूक मुद्दा निघतो. तुम्ही नऊ लाख म्हणालात आणि त्यांनी ९ लाख २० हजार दिले, म्हणजे तुमच्या शब्दापेक्षा वीस हजार जास्तच. आता ‘मला ११ लाख हवेत’ असे म्हणणे त्यांच्या नजरेत बाजारभाव सांगणे नसून शब्द फिरवणे ठरेल. मुलाखतीत आकडा सांगण्याआधी चौकशी करायला हवी होती, हे खरे. पण ती वेळ गेली. अपेक्षा सांगितल्यानंतर ती बदलायला केवळ ‘मित्राला जास्त मिळते’ हे कारण पुरत नाही. मित्राचा अनुभव, त्याची कंपनी, त्याच्या ११ लाखांत व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, किती, हे तुम्हाला ठाऊक नाही आणि एचआरला त्याच्याशी कर्तव्यही नाही. नवे काहीतरी समोर आले असेल तरच शब्द पुन्हा उघडता येतो. सुदैवाने तुमच्याकडे तशा दोन गोष्टी आहेत, आणि पत्रात तुम्ही दोन्ही जाता जाता लिहून टाकल्या आहेत.

पहिली, रांजणगावची जबाबदारी. तुम्ही नऊ लाख सांगितले ते एका प्लांटच्या कामासाठी. ऑफर लेटरमध्ये दोन प्लांट आहेत. काम वाढले तर मोबदल्याबद्दल विचारणे यात शब्द फिरवल्याचा प्रश्नच येत नाही.

दुसरी म्हणजे हातात येणाऱ्या पगाराचे गणित. तुम्ही पाठवलेला वेतनाचा तक्ता मी मांडून पाहिला. ९ लाख २० हजारांत मूळ वेतन निम्मे, म्हणजे ४ लाख ६० हजार आहे. त्यावर कंपनीचा १२ टक्के भविष्य निर्वाह निधी ५५,२०० रुपये, ग्रॅच्युइटीपोटी ४.८१ टक्के म्हणजे सुमारे २२,१०० रुपये, विम्याचा हप्ता १५ हजार आणि व्हेरिएबल ९२ हजार, हे सगळे सीटीसीत धरलेले आहे. हे वजा जाता वर्षाला सुमारे ७ लाख ३५ हजार, म्हणजे महिन्याला ६१,३०० रुपये उरतात. त्यातून तुमच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी ४,६०० आणि व्यवसाय कर २०० रुपये कापला जाईल. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर पडत नाही, म्हणून त्याची चिंता नको. तरीही हातात येतील ते सुमारे ५६,५०० रुपये. तुम्ही ९ लाख २० हजारांना बाराने भागून पत्रात लिहिलेले ‘जवळजवळ ७७ हजार’ नव्हेत. भविष्य निर्वाह निधीत दोन्ही बाजूंनी मिळून महिन्याला ९,२०० रुपये जमा होतील, ते तुमचेच आहेत, हे मान्य. पण त्यातून घरभाडे भरता येत नाही. ग्रॅच्युइटी तर साधारणपणे पाच वर्षे सलग नोकरी झाल्याशिवाय हाती लागत नाही, आणि व्हेरिएबल कंपनीच्या व तुमच्या कामगिरीवर ठरते.

म्हणजे सीटीसी जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढला, पण हातात महिन्याला साडेनऊ हजारच जास्त येणार. नाशिकला तुम्ही आईवडिलांच्या घरी राहता. मोशी-भोसरीकडे खोली, जेवण आणि महिन्यातून दोनदा नाशिकची ये-जा हे साडेनऊ हजारांत बसणार नाही. ऑफर वाढली नाही तर तुमच्या शिल्लकेत आजच्यापेक्षा घट होईल, हे सही करण्यापूर्वी कळणे चांगले. इथे एक गोष्ट जोडते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत भत्त्यांसारखे वेतनातून वगळलेले घटक एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे अनेक कंपन्या आपले तक्ते नव्याने बसवत आहेत, आणि मूळ वेतन वाढले की त्यावर मोजली जाणारी कपातही वाढू शकते. म्हणून तुमच्या हातातील तक्ता रुजू होण्याच्या दिवशीही हाच असेल का, हा प्रश्नही त्याच मेलमध्ये विचारा. तो विचारल्याने कोणी नाराज होत नाही.

आता कायद्याची बाजू, कारण ‘ऑफर लेटर हातात आहे, आता ते कसे मागे घेतील?’ असा समज फार पसरलेला आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ५ प्रमाणे, तुमची स्वीकृती रवाना होण्यापूर्वी प्रस्ताव केव्हाही मागे घेता येतो. पत्रात ‘शुक्रवारपर्यंत वैध’ लिहिले म्हणून तोपर्यंत ते बांधील राहतातच असे नाही. कलम ७ सांगते, की स्वीकृती संपूर्ण आणि विनाअट असली पाहिजे. ‘मी स्वीकारते, परंतु दहा लाख द्या’ ही स्वीकृती नव्हे, तो तुमच्याकडून गेलेला नवा प्रस्ताव ठरतो, आणि त्याने मूळ प्रस्ताव संपुष्टात येऊ शकतो. याचे जुने उदाहरण म्हणजे हाइड विरुद्ध रेंच हा १८४० चा इंग्लंडमधील खटला. रेंचने आपली शेतजमीन एक हजार पौंडांना देऊ केली, हाइडने ९५० म्हटले, रेंचने नाकारले, आणि मग हाइड हजार द्यायला तयार झाला. न्यायालयाने सांगितले, की ९५० म्हणताच हजाराचा प्रस्ताव मोडला, आता तो परत जिवंत करता येणार नाही. त्याच्या बरोबर उलट १८८० चा स्टीव्हन्सन विरुद्ध मॅक्लीन. तिथे लोखंडाच्या खरेदीदाराने तार करून एवढेच विचारले होते, की त्याच दराने माल दोन महिन्यांत टप्प्याटप्प्याने द्याल का, नाहीतर जास्तीत जास्त किती मुदत द्याल. न्यायालयाने ती केवळ चौकशी मानली आणि मूळ प्रस्ताव शाबूत राहिला.

कोणी तुम्हाला कोर्टात खेचणार नाही, पण या दोन खटल्यांमधला फरक तुमच्या मेलला जसाच्या तसा लागू पडतो. पहिला माणूस अट घालतो, दुसरा विचारतो. ‘दहा लाख मिळाले तरच येईन’ असे लिहिलेत, तर कंपनीला नाही म्हणण्याबरोबर दरवाजा बंद करण्याची सोय तुम्हीच करून देता. ‘याचा पुनर्विचार शक्य आहे का’ असे विचारलेत, तर नकार आला तरी मूळ ऑफर स्वीकारायला तुम्ही मोकळ्या राहता. सही झाल्यावर कंपनी मागे हटली तरी न्यायालय तिला तुम्हाला नोकरीवर ठेवायला सहसा भाग पाडत नाही; फार तर भरपाईचा दावा उरतो, आणि तो लढण्याची उसंत व पैसा नोकरी गेलेल्या माणसाकडे कुठून असणार? म्हणून तुमचे खरे संरक्षण ऑफर लेटर हे नसून अंबडची चालू नोकरी हे आहे. सुधारित पत्र लेखी हातात येऊन ते तुम्ही स्वीकारले आणि स्वीकृती पोहोचल्याचे उत्तर आले, की मगच राजीनामा. फोनवरच्या ‘करून देऊ हो मॅडम’ वर राजीनामा देऊ नका.

भावाच्या सूचनेबद्दल मला स्पष्ट लिहिले पाहिजे. नसलेली ऑफर आहे म्हणून सांगणे हा या सगळ्या प्रकरणातील सर्वांत मोठा धोका आहे. एचआरचा पहिला प्रश्न ‘त्या पत्राची प्रत पाठवा’ हाच असतो. पाठवली नाही तर खोटे उघडे पडते आणि बनावट प्रत केली तर ते थेट फसवणुकीत जाते. नंतरच्या पडताळणीत सापडले, तर रुजू झाल्यावरही नोकरी जाऊ शकते. सध्याचा पगार फुगवून सांगणेही तसेच. पगाराच्या तीन स्लिपा, फॉर्म १६ आणि भविष्य निर्वाह निधीचे पासबुक यांतून खरा आकडा बाहेर येतोच. त्याहून व्यावहारिक गोष्ट अशी, की नाशिक, चाकण आणि रांजणगावच्या वाहन उद्योगातील एचआरची माणसे एकमेकांना ओळखतात, व्हॉट्सॲपवर एका गटात असतात आणि माणसांबद्दल बोलतात. दुसरी ऑफर नसेल तर नसू द्या. तुमच्याकडे अंतर्गत लेखापरीक्षक म्हणून आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचे प्रशिक्षण आहे, ग्राहकांच्या तक्रारी हाताळण्याचा अनुभव आहे, ते सांगा.

मेल तुम्ही इंग्रजीतच लिहाल, पण आशय असा असावा:

‘ऑफरबद्दल मनापासून आभार. या पदावर काम करण्याची माझी इच्छा पक्की आहे. ऑफर लेटर वाचताना चाकणसोबत रांजणगाव प्लांटची जबाबदारी असल्याचे लक्षात आले, ज्याची मुलाखतीत चर्चा झाली नव्हती. मी सांगितलेली अपेक्षा एका प्लांटच्या कामावर आधारित होती. तसेच मला नाशिकहून स्थलांतर करावे लागेल. या दोन्ही बाबी लक्षात घेऊन, व्हेरिएबल न वाढवता एकूण मोबदला १० लाखांपर्यंत नेणे शक्य आहे का, याचा विचार व्हावा ही विनंती. तसे शक्य नसल्यास स्थलांतराचा एकरकमी खर्च किंवा पहिल्या महिन्याची राहण्याची सोय याबाबत आपण काही करू शकाल का? मुदत शुक्रवारची असल्याने त्यापूर्वी मार्गदर्शन मिळाले तर बरे होईल.’

दहा लाखच का, असे तुम्ही विचाराल. ११ म्हणजे त्यांच्या आकड्यावर जवळजवळ २० टक्के, आणि तुम्ही स्वतः सांगितलेल्या अपेक्षेवर त्याहून जास्त. त्यासाठी एचआरला वरची मंजुरी नव्याने घ्यावी लागेल, आणि मंजुरीची फाईल पुन्हा उघडली की कोणीतरी दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराची आठवण काढतो. नऊ टक्क्यांच्या आसपासची वाढ बऱ्याचदा त्याच पदाच्या बँडमध्ये, म्हणजे पगाराच्या ठरलेल्या मर्यादेत, बसते आणि एका सहीने होते. ‘व्हेरिएबल न वाढवता’ हे शब्द गाळू नका. मी स्वतः, आज सांगायला संकोच वाटतो, कित्येक उमेदवारांचे समाधान व्हेरिएबल वाढवून केले आहे. आकडा फुगतो, हातात काही येत नाही. जॉइनिंग बोनस देऊ केला तर वर्षाच्या आत सोडल्यास तो परत करण्याची अट असते, ती वाचून घ्या.

हाच मेल सगळीकडे चालेल असे मात्र नाही. सरकारी व सार्वजनिक उपक्रमांत वेतनश्रेणी ठरलेली असते, तिथे बोलणी नसतेच. कॅम्पसमधून एकाच आकड्यावर शेकडो मुले घेणाऱ्या कंपन्यांतही एकट्या उमेदवारासाठी आकडा बदलत नाही. सर्वांत जास्त जपावे लागते ते मालकच निर्णय घेतात अशा छोट्या कारखान्यांत. तिथे मालकाने ‘ठीक आहे, नऊ वीस देऊ’ म्हटलेले असते आणि पुढचा मेल त्याला आपल्या शब्दावरचा अविश्वास वाटतो. तुमच्या पत्रावरून ही कंपनी तशी दिसत नाही. मंजुरीच्या पायऱ्या आहेत, ग्रेड लिहिलेली आहे. तशी असती, तर मेलऐवजी प्रत्यक्ष किंवा फोनवर, आणि फक्त रांजणगावच्या मुद्द्यापुरते बोला, असे मी सुचवले असते.

तुम्ही स्त्री आहात म्हणून एक गोष्ट वगळता येत नाही. हॅना रायली बोल्स, लिंडा बॅबकॉक आणि ली लाय यांनी अमेरिकेत केलेल्या आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की पगाराची बोलणी सुरू करणाऱ्या स्त्रीबद्दल पुरुष परीक्षकांचे मत, तेच करणाऱ्या पुरुषाच्या तुलनेत, जास्त बिघडते. आपल्याकडच्या मुलाखतीच्या खोल्यांत मी याहून निराळे पाहिलेले नाही. ‘फार बोलते’ हा शेरा पुरुषाच्या फाईलवर मी कधी वाचला नाही. म्हणून गप्प बसावे असे मी म्हणणार नाही, पण कामाच्या व्याप्तीवर उभे असलेले कारण तुमच्या बाजूने जास्त टिकते, आणि मित्राच्या पगाराशी केलेली तुलना सर्वांत कमी.

मधल्या कन्सल्टंटचा तुम्ही उल्लेख केला आहे. त्याचे शुल्क बहुधा तुमच्या वार्षिक पगाराच्या टक्केवारीवर, अनेकदा ८.३३ टक्के म्हणजे एका महिन्याच्या पगाराइतके, ठरलेले असते, आणि ते तुम्ही रुजू झाल्यावरच मिळते. दहा लाख झाले तर त्याचेही थोडे वाढेल, पण ऑफर फिसकटली तर त्याचे सगळेच जाते. त्यामुळे तो तुम्हाला सही करायला घाई करेल आणि तुमची विनंती आपल्या भाषेत पोहोचवेल. त्याला कल्पना द्या, पण मेल थेट एचआरला करा.

बाबांना हे सांगा, की हातचे म्हणजे अंबडची नोकरी, आणि ती तुम्ही अजून सोडलेली नाही. त्यांची भीती निराधार नाही. फक्त ती राजीनाम्याच्या दिवसाला जास्त लागू आहे, मेलच्या दिवसाला कमी.

नकार आला तर दुसऱ्यांदा मागू नका. मग निर्णय ५६,५०० रुपयांवर करायचा, ११ लाखांच्या कल्पनेवर नाही. रांजणगावचे काम, चाकणचा अनुभव आणि दोन वर्षांनी त्यातून मिळणारी किंमत यासाठी काही महिने शिल्लक कमी पडली तरी चालेल का, हे तुम्ही आणि घरचे मिळून ठरवा. माझे मत विचाराल तर चालेल, पण स्थलांतराचा खर्च तरी मिळायला हवा. नोटीस पीरियड ६० दिवसांचा आहे आणि रुजू होण्याची तारीख ७५ दिवसांवर, म्हणजे बोलणी दोन आठवड्यांपेक्षा लांबली तर नोटीस विकत घेण्याचा, म्हणजे उरलेल्या दिवसांचा पगार भरून लवकर सुटण्याचा, खर्च तुमच्या अंगावर येईल. शुक्रवारपर्यंत उत्तर आले नाही, तर एचआरला फोन करून मुदत सोमवारपर्यंत वाढवल्याचा एक ओळीचा मेल मागून घ्या. सुधारित पत्र आल्यावर त्यातील मूळ वेतन, व्हेरिएबल, कामाचे ठिकाण आणि तारीख पुन्हा वाचा, सहीशेजारी तारखेखेरीज एक शब्दही लिहू नका, आणि सगळा पत्रव्यवहार तुमच्या खासगी ईमेलवर ठेवा, सध्याच्या कंपनीच्या ईमेलवर नाही.